सूक्ष्मकणी गाळखडकांची पारख : प्रस्तावना

खडकांच्या अभ्यासाला नव्यानेच प्रारंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म यांच्यापाशी सहसा फार अडखळावे लागत नाही. त्यांचे घटक डोळ्यांना दिसतात, बोटांना लागतात, आणि थोड्याशा सरावाने त्यांची नावेही जिभेवर बसतात. परंतु ज्यांचे कण उघड्या डोळ्यांना तर नाहीच, पण खिशातल्या दहापट भिंगालाही वेगळे दिसत नाहीत, ज्यांचा रंग करडा, काळा, तांबूस, हिरवट किंवा पिवळट यांपैकी कोणताही असू शकतो, आणि ज्यांच्या पृष्ठभागावरून हात फिरवला असता सर्वांचा स्पर्श जवळजवळ सारखाच वाटतो, असे पाच-सात तुकडे एका ओळीत मांडून ठेवले म्हणजे अनुभवी माणसाचा निर्णयही काही काळ थबकतो. शेल, पंकाश्म, सिल्टस्टोन, मार्ल, सूक्ष्मकणी चुनखडक, डोलोमाइट आणि चर्ट हे ते खडक. आणि ज्याची गणना गाळाच्या खडकांत करता येत नाही, परंतु जो गाळापासूनच रूपांतराने झाला व दिसण्यात त्यांच्याशी पुरते साम्य राखून आहे, तो पाटीचा दगडही याच पंक्तीत येऊन बसतो. या खडकांची पारख कशी करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

विषय अरुंद असला तरी क्षुल्लक खास नाही. पृथ्वीच्या पाठीवरील गाळाच्या खडकांपैकी निम्म्याहून अधिक हिस्सा चिखलापासून झालेल्या खडकांचाच आहे, आणि तरीही पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-चार पाने येतात. कारण वालुकाश्मात लाटांच्या व प्रवाहांच्या खुणा ठसठशीत उमटलेल्या असतात, चुनखडकात शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात, आणि चिखलाचा खडक मात्र प्रथमदर्शनी मुका वाटतो. सिमेंटच्या कारखान्याला चुनखडक हवा असतो, पण त्यात मातीचा अंश किती हे ठाऊक नसेल तर भट्टीचा सारा हिशेब चुकतो. कोळशाच्या खाणीत छतावर शेल आहे की वालुकाश्म, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. आणि धरणाच्या पायात लागलेला काळसर, गुळगुळीत थर पाण्यात भिजल्यावर टिकणारा आहे की विरघळून मऊ पडणारा, याचा फैसला काँक्रीट ओतण्यापूर्वी व्हावा लागतो. भाक्रा धरणाच्या पायात वालुकाश्माच्या जोडीने मातकट खडकाचे जे पट्टे लागले, ते खोल उकरून काढून त्या जागी काँक्रीट भरावे लागले, ही गोष्ट स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की खडकाच्या पारखीची प्रत्येक कसोटी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि या कामात होणाऱ्या बहुतेक चुका कसोटी खोटी असल्यामुळे होत नसून, तिला जे ठाऊकच नाही त्याचे उत्तर तिच्याकडून वदवून घेतल्यामुळे होतात. न्यायासनासमोर आलेल्या साक्षीदाराने जे स्वतः पाहिले तेवढ्यापुरतीच त्याची जबानी ग्राह्य धरावी, हा जसा पुराव्याच्या कायद्याचा दंडक आहे, तसाच येथेही पाळावा लागतो. आम्लाच्या थेंबाला दगडात कार्बोनेट आहे की नाही एवढेच कळते. तो दगड चुनखडक आहे असे आम्ल कधीच सांगत नाही. चाकूच्या पात्याला कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत हे कळते. ते कण कशाचे, हे त्याला सर्वस्वी कळतेच असे नाही. दगड पातळ पापुद्र्यांनी सुटतो यावरून त्याच्या अंगातील मांडणी समजते, द्रव्य समजत नाही. आणि रंगाला तर फारच थोडे ठाऊक असते. या साऱ्या जबान्या स्वतंत्रपणे नोंदवून, एकीची दुसरीशी रुजवात घालून, मगच नावाचा निर्णय द्यावा, ही पद्धत या पुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत अवलंबिली आहे.

या साम्याची प्रचीती घेण्यासाठी महाराष्ट्रातल्या वाचकाला डोंगरदऱ्या धुंडाळण्याचे कारण नाही. जमिनीवर शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आणि मुलांच्या दप्तरात लाकडी चौकटीतली पाटी, असे तीन दगड मराठी घरात पिढ्यानुपिढ्या एकत्र नांदत आले. तिन्ही सपाट, तिन्ही थरांनी सुटणारे, तिन्हींचे कण अदृश्य. कडप्पा आणि पाटी तर रंगानेही एकमेकांस जवळ. त्यामुळे हे तिन्ही एकाच जातीचे दगड असावेत, आणि फरक असला तर केवळ खाणीचा असावा, अशी समजूत सर्वसाधारण माणसाची झाली तर त्यात नवल नाही. वस्तुस्थिती मात्र अशी, की यांपैकी दोन चुनखडक आहेत आणि तिसरा, एके काळी चिखल असलेला व पुढे भूगर्भातील दाबाखाली रूपांतर पावलेला, अगदी वेगळ्या कुळीचा दगड आहे.

शहाबाद हे गाव आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबईहून मद्रासेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. निजामाच्या मुलुखातील हे ठिकाण आपल्या फरशीमुळे मराठी घराघरांत पोचले. तेथील चुनखडक भीमेच्या खोऱ्यात दूरवर पसरलेला असून, इतिहासात १५६५च्या रणसंग्रामामुळे प्रसिद्ध असलेल्या तालिकोटच्या परिसरातही तो आढळतो. या खडकांच्या उत्तरेकडील कडा आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली गाडल्या गेल्या आहेत. म्हणजे सोलापूरकडून दक्षिणेस जाताना ज्वालामुखीचा मुलूख जेथे संपतो, तेथे त्याच्या खालून कित्येक कोटी वर्षे जुना समुद्रतळ वर डोकावू लागतो. हे खडक इतके जुने आहेत, की कठीण कवचांचे प्राणी पृथ्वीवर अद्याप अवतरलेच नव्हते. त्यामुळे इतरत्र चुनखडक ओळखण्यास जे शिंपले उपयोगी पडतात त्यांचा येथे काही आधार मिळत नाही. दक्षिण महाराष्ट्र व त्याला लागून असलेल्या प्रदेशाचे भूवर्णन रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, आणि कडप्पा व कर्नूल भागांतील खडकांवर विल्यम किंग यांचा ग्रंथ त्यापूर्वीच, १८७२ साली, निघाला होता. पायी व घोड्यावरून हिंडून, हातोडी, चाकू व आम्लाची कुपी एवढ्याच सामग्रीवर या मंडळींनी जे थर आखून दिले, त्यांची मूळ चौकट अद्याप कायम आहे. साध्या कसोट्यांना कमी लेखणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावे.

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू चिरून त्याचा रस तसाच राहू दिला, किंवा आमसुलाचे पाणी सांडून वाळले, की त्या जागी पांढुरका डाग उमटतो आणि कितीही घासले तरी तो जात नाही, हे घरातील स्त्रियांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तो डाग म्हणजे वर बसलेला मळ नसून दगडातील कॅल्साइट आम्लाने खाल्ल्याची खूण होय. गुळगुळीत पृष्ठ खडबडीत झाले म्हणून ते फिकट दिसते. पाटीवर लिंबाचा रस सांडला तर सामान्यतः असे काही घडत नाही. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने जे काही क्षणांत दिसते, तेच ओट्यावर संथपणे घडत असते. आणि काळा रंग? तो कडप्प्यात सेंद्रिय द्रव्यापासून आलेल्या अत्यल्प कार्बनाचा आहे. दगड कानसेने थोडा घासला तर भुकटी फिकट करडी निघते.

आता कोणी विचारील, की चुनखडक जर असा, तर तो फरशीसारखा सपाट का सुटतो? शहाबादी दगडात चुनखडकाच्या थरांमध्ये मातीचे अत्यंत पातळ पदर असतात. चुन्याचा चिखल साचता साचता मधूनमधून मातीचा लोंढा येऊन गेला त्याची ती नोंद आहे, आणि पाथरवटाची पहार नेमकी त्या कमकुवत पदरात शिरते. पाटीचा दगड सुटतो तो सर्वस्वी निराळ्या कारणाने. पर्वत उभे राहताना चिखलाच्या खडकावर बाजूंनी प्रचंड दाब येतो, त्यातील अभ्रकासारखी पातळ खनिजे त्या दाबाला काटकोनात वळून एकमेकांना समांतर होतात, आणि मग दगड त्या नव्या पातळीवर फुटू लागतो. मूळ गाळाचे थर त्या पातळीला तिरके छेदून जात असले तरी त्याची त्याला क्षिती नसते. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५०च्या सुमारास पाटीच्या दगडाची ही उपपत्ती सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सिद्ध केली. आंध्रातील मार्कापूरच्या पाट्यांवर कधी कधी फिक्या-गडद रंगाचे अस्पष्ट पट्टे आडवे किंवा तिरपे गेलेले दिसतात, ते त्या मूळ थरांचेच. तीन दगडांचे सपाट सुटणे दिसायला एक, पण त्यामागील इतिहास एक नाही.

शेल आणि पंकाश्म यांतील भेदही याच गुणावर उभा आहे, आणि या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण मी त्याला दिले आहे, कारण भेद जितका सोपा सांगितला जातो तितका तो नाही. पातळ पापुद्र्यांनी सुटतो तो शेल, आणि त्याच द्रव्याचा असून ढेकळासारखा फुटतो तो पंकाश्म, ही व्याख्या बरोबरच आहे. चिखल गाडला जाऊन त्यातील पाणी पिळून निघताना चिकणमातीचे चपटे कण आडवे निजतात, म्हणून शेल सुटतो. परंतु चिखल ओला असतानाच किड्यांनी व अळ्यांनी तो पोखरून उलथापालथा केला असेल, किंवा खाऱ्या पाण्यात कणांचे अस्ताव्यस्त पुंजके होऊन ते तसेच साचले असतील, तर ती शिस्त राहत नाही व पंकाश्म तयार होतो. मात्र विहिरीतून किंवा कूपनलिकेच्या गाभ्यातून नुकताच काढलेला अखंड दिसणारा तुकडा उन्हात चार-आठ दिवस पडला, की तो पापुद्रे टाकू लागतो. म्हणजे खोल जमिनीत ज्याला पंकाश्म म्हणून दाखल केले, तोच थर टेकडीच्या उतारावर शेल या नावाने दप्तरात चढतो. म्हणून नमुना ताजा की वाऱ्यापावसाने झिजलेला, हे नावाच्या आधी लिहावे.

कणांच्या आकाराविषयी शास्त्राने रेषा ठाम आखल्या आहेत. चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ साली मुक्रर केलेल्या श्रेणीनुसार १/१६ मिलिमीटरपेक्षा मोठा कण वाळूचा, त्याखाली १/२५६ मिलिमीटरपर्यंतचा सिल्टचा, आणि त्याहूनही बारीक तो चिकणमातीचा. एक मिलिमीटरचा दोनशे छप्पन्नावा भाग डोळ्यांना दिसत नाही, परंतु दातांना कळतो, आणि भूवैज्ञानिक दगडाचा बारीकसा कपचा पुढच्या दातांत धरून चावतात ते याच कारणाने: सिल्टचे क्वार्ट्झकण दातांखाली कचकचतात, शुद्ध चिकणमाती लोण्यासारखी पसरते. ही कसोटी ऐकणाऱ्याला ओबडधोबड वाटते, पण तिच्याइतकी जलद व अचूक कसोटी रानात दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खाणींच्या व कारखान्यांच्या परिसरातील दगड मात्र तोंडात घालू नये. तेथे विषारी धातूंचा संभव असतो. याच्याच जोडीची एक निरुपद्रवी खूण अशी, की दगडावर तोंडाची वाफ सोडून लगेच हुंगले असता चिकणमाती असलेल्या दगडाला पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा दर्प येतो, आणि शुद्ध चुनखडकाला तो येत नाही.

आकार कळला म्हणजे पाणी कसे होते हेही कळले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे फार होतो. १८५१ साली जॉर्ज स्टोक्स यांनी जो नियम दिला, त्यावरून हिशेब केला तर १/१६ मिलिमीटरचा कण निश्चल पाण्यात एक मीटर उतरण्यास पाच मिनिटेही घेत नाही, आणि ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. यावरून बारीक चिखलाचा खडक म्हणजे संथ, खोल, अविचल पाण्याची निर्विवाद खूण, असे शतकभर शिकविले गेले. परंतु युर्गेन शीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाळू वाहून नेऊ शकेल इतक्या वेगाच्या प्रवाहातही चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून पुंजके बनवितात, ते पुंजके तळाशी लोळत जाऊन साचतात, आणि त्यांचे थर होतात, असे दिसून आले. आकाराच्या कसोटीने आकार सांगितला होता. पाण्याच्या वेगाविषयी तिने कधी काही सांगितलेच नव्हते.

आम्लाच्या कसोटीकडे वळण्यापूर्वी एक सूचना करणे अवश्य आहे. थेंब टाकल्यावर दगड फसफसला एवढे पाहून विद्यार्थी बाटलीला बूच लावतो. खरा पुरावा मात्र फेस विरल्यानंतर उरतो. शुद्ध चुनखडकावर थेंबाची जागा स्वच्छ राहते. मार्लवर, म्हणजे चुना व माती यांच्या मिश्रखडकावर, तेथे चिखलाचा मळकट पदर साचतो. आणि चुनखडीने जखडलेल्या सिल्टस्टोनवर जागा खरखरीत होते, कारण जखडणारा चुना गेला व कण मोकळे राहिले. तिन्ही दगड सारख्याच जोराने फसफसले असू शकतील. डोलोमाइटचा प्रकार याहून नाजूक आहे. आल्प्समध्ये हिंडताना चुनखडकासारखाच दिसणारा पण आम्लात जवळजवळ न फसफसणारा दगड देओदा द डोलोमियू यांच्या नजरेस आला, आणि १७९१ साली त्यांनी तो जगापुढे ठेवला. पुढे त्यांचेच नाव त्या खनिजाला मिळाले. डोलोमाइटवर थंड सौम्य आम्ल टाकले तर वरवर शांतता असते, पण चाकूने खरवडून भुकटी केली व त्या भुकटीवर थेंब सोडला, की बुडबुडे हळूहळू उठू लागतात. म्हणून ज्या दगडाने आम्लाला उत्तर दिले नाही, त्याला भुकटीच्या रूपाने एकदा पुन्हा विचारल्याशिवाय चुन्याच्या कुळातून बाहेर काढू नये. प्रयोगशाळेत अलिझरिन रेड नावाच्या रंगाने हा वाद कायमचा मिटतो. त्याच्या द्रावणात कॅल्साइट तांबडे होते व डोलोमाइट रंग घेत नाही.

चुनखडकाच्या सूक्ष्म कणांविषयी लिहिताना एका दगडाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, आणि विषयांतराचा दोष पत्करूनही तो मी करतो. बव्हेरियातील सोल्नहोफेनचा चुनखडक इतका एकसारखा, इतका निर्दोष बारीक आहे, की अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर यांनी त्याच्यावर तेलकट शाईने लिहून छापण्याची कला शोधून काढली. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी सर्वत्र सारखे शोषले जाते व कोरी जागा शाईला दूर ठेवते, हे त्या कलेचे मर्म. १८६१ साली आदिपक्षी आर्किऑप्टेरिक्सचा पिसांसह ठसा जगाला मिळाला तो याच थरांतून. भरड कणांच्या दगडात पिसांच्या इतक्या सूक्ष्म रेषा टिकल्याच नसत्या. आणि मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाशी सूक्ष्मकणी चुनखडकाच्या या गुणधर्माचा असा जवळचा संबंध आहे.

चाकूच्या कसोटीला चर्टपाशी खरा मान मिळतो. नागपूरच्या आसपास व छिंदवाड्याकडील मोहगाव कलान येथे दख्खनच्या दोन लाव्हाथरांमध्ये तळ्यांत साचलेल्या गाळाचे जे थर सापडतात, त्यांपैकी कित्येक सिलिका मुरून चर्ट झाले आहेत, आणि त्यांतील वनस्पतींच्या अवशेषांवर बिरबल साहनी यांनी मोलाचे संशोधन केले. करडा चर्ट व करडा चुनखडक शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. चुनखडकावर चाकू सहज ओरखडा काढतो, कारण कॅल्साइटचे काठिण्य ३ आहे. चर्टचे ७ असल्याने पातेच झिजते आणि दगडावर करडी चमकदार रेघ उमटते. ही रेघ ओरखडा समजून दगड मऊ ठरविला जातो, असे वारंवार घडते. बोटाने पुसून व नखाने चाचपून पाहिले म्हणजे ती पोलादाची आहे हे उमगते. चर्ट फुटतो तोही शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळणदार पृष्ठांनी, धारदार कडा ठेवून.

परंतु चाकूला दगड मऊ लागला म्हणून त्यात कठीण खनिज नाही, असे मानणे हे या शास्त्रातील सर्वांत घातक अनुमान होय, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे शेलसारख्या मऊ दगडापासून पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली कापण्याचा धंदा चालत असे. दगड मऊ, करवतीला सहज कापला जाणारा, लहान मुलांच्या हाती निःशंकपणे दिला जाणारा. पण त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे अदृश्य कण विपुल होते, आणि ती धूळ वर्षानुवर्षे छातीत घेणारे कामगार सिलिकोसिसने तरुणपणीच जर्जर होऊन मृत्यू पावले. दगडाचा मऊपणा कणांच्या सैल बांधणीचा होता, कणांचा नव्हता. एकेक कण पाहिला असता तर त्याचे काठिण्य चर्टइतकेच भरले असते. सूक्ष्मकणी खडकांची पारख हा केवळ संग्रहालयातील लेबलांचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मंदसौरचा हा दाखला एकवार नीट वाचावा. दातांची कसोटी किंवा साधी सूक्ष्मदर्शकीय तपासणी जे काही क्षणांत सांगते, ते वेळीच विचारले गेले असते तर मुखपट्टी, ओले कापकाम आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे यांची निकड फार आधी पटली असती.

रंगाविषयी थोडकेच पुरे. तांबडा रंग ऑक्सिडित लोहाचा, हिरवा अल्पऑक्सिडित लोहाचा, काळा बहुधा कार्बनाचा. आणि या तिन्हींपैकी कोणताही रंग शेल, मार्ल, चुनखडक वा चर्ट यांपैकी कोणालाही येऊ शकतो. वर्धेच्या खोऱ्यातील कोळशाच्या खाणींत काळा शेल व निकृष्ट कोळसा यांची गल्लत रंगामुळेच होते. हाताला लागणारे वजन तेथे रंगापेक्षा अधिक विश्वासू ठरते, कारण कोळसा शेलहून बराच हलका असतो.

हातातल्या तुकड्याच्या या कसोट्यांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, किंमत मी थराच्या स्थानाला देतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विदर्भातील खडकांचा जो शोध घेतला, त्यात कामठीजवळच्या थरांतील वनस्पतींचे ठसे, मांगलीचे जीवाश्म आणि प्राणहितेच्या काठी सिरोंचाजवळ कोटा येथे चुनखडकात सापडलेले मासे यांच्या साहाय्याने थरांचा परस्परक्रम लावण्याचा यत्न आहे. कोट्याचा चुनखडक व त्याच्या सोबतीचे तांबडे मातकट थर निव्वळ हातात घेऊन पाहिले तर कोठल्याही काळातले वाटू शकतील. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, सीमा एकदम बदलते की हळूहळू, हे पाहिल्यावर मात्र त्यांचा अर्थ लागू लागतो. चिखलाचा थर वर जाता जाता चुनखडकात विलीन होत असेल, तर नदीचा गाळ आटत जाऊन पाणी निवळल्याची ती कहाणी असते. त्याउलट चुनखडकावर एका रेषेत शेल येऊन बसला असेल, तर दोहोंच्या दरम्यान काहीतरी घडून गेले आहे, ज्याचा शोध आडव्या दिशेने चालत जाऊन घ्यावा लागतो. पिशवीत भरून आणलेल्या तुकड्याला ही साक्ष देता येत नाही.

यंत्रांची गोष्ट या पुस्तकाच्या उत्तरार्धात आली आहे. दगडाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासली, की चुनखडकाचे स्फटिक, सिल्टचे कण, चर्टची सूक्ष्म वीण हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडते. परंतु चिकणमातीचे कण इतके पातळ असतात, की तेवढ्याशा जाडीतही ते एकावर एक कित्येक साचलेले असतात व वेगळे ओळखू येत नाहीत. तेथे क्ष-किरणांचा आश्रय घ्यावा लागतो. केओलिनाइटच्या पदरांतील अंतर सुमारे ७ अँगस्ट्रॉम, इलाइटचे १०, आणि मोंटमोरिलोनाइटचे १४च्या आसपास, जे ग्लायकोलच्या वाफेत ठेवले असता फुगून १७पर्यंत जाते. हे फुगणे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अपरिचित नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसाळ्यात त्या मिटतात, ते याच खनिजामुळे. दोन पंकाश्म रंगाने, कणांनी, काठिण्याने अगदी समान असावेत, आणि एकात केओलिनाइट व दुसऱ्यात मोंटमोरिलोनाइट असावे, असे होऊ शकते. एकावर बांधलेली भिंत उभी राहते, दुसऱ्यावरची तडकते. रानात याची चाहूल घेण्याचा साधा मार्ग म्हणजे वाळलेला तुकडा पेल्यातील पाण्यात टाकून ठेवणे: काही तुकडे घटकाभरात फुगून चुरा होतात, काही दिवसभर तसेच राहतात, आणि पाटीचा दगड तर ढिम्म हलत नाही.

शेवटच्या प्रकरणात मी दख्खनच्या लाव्हाथरांमधील तांबड्या थरांचा प्रश्न घेतला आहे, कारण महाराष्ट्रातील तरुण अभ्यासकांच्या दारातला हा प्रश्न आहे आणि तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांच्या कापणीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा, बारीक कणांचा, मातीसारखा पट्टा वारंवार दिसतो. बोगद्यांत व धरणांच्या पायात तो उघडा पडला की हवापाण्याने झपाट्याने ढासळतो, म्हणून इंजिनियरांना तो चांगलाच परिचयाचा आहे. काही ठिकाणी तो लाव्हाच्याच पाठीवर हवामानाने झालेली माती आहे, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख पडून झालेला आहे, काही ठिकाणी पाण्याने वाहून आणलेला गाळ आहे. आणि सर्वत्र वरून आलेल्या पुढच्या तप्त लाव्हाने त्याचा माथा भाजून काढलेला आहे. नजरेला हे सारे सारखेच तांबडे. खालची सीमा पाहावी: पाषाण हळूहळू सडून तांबडा होत वर आला असेल व मधे अर्धवट सडलेले गोटे राहिले असतील, तर ती जागच्या जागी झालेली माती, सीमा रेषेसारखी तीक्ष्ण असेल व पट्ट्यात बारीक थर दिसत असतील, तर राख किंवा गाळ. त्यांपैकी कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली राखेतील काचकणांचे टोकदार आकार अवशिष्ट आहेत की नाहीत यावरून, आणि रासायनिक पृथक्करणावरून, ठरवावे लागते. या पट्ट्याचा नमुना घेणाऱ्याने माथा, मध्य आणि तळ यांचे तुकडे तीन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावेत, प्रत्येकावर वरची बाजू बाणाने दाखवावी, वरच्या व खालच्या पाषाणाचा एकेक तुकडा त्यांच्यासोबत घ्यावा, आणि सीमांची जाडी व स्वरूप यांची टिपणे तेथेच उभे राहून करावीत.